गार्डनानांचा सोमवार

स्वतःच्या दुखण्याला रेल्वेचं वेळापत्रक लावणारा माणूस अख्ख्या भुसावळात एकच, आणि तो नेमका माझ्या दवाखान्यात आला. मालगाड्यांवर जन्म काढलेले हे निवृत्त गार्ड मूळचे शिंदखेड्याकडचे. आम्ही त्यांना गार्डनाना म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड महिन्याभरात वाळले, पण नस चिडली ती चिडलीच. वाऱ्याची झुळूक लागली तरी निखारा ठेवल्यासारखं होई. नानांनी सगळ्या बनियनांची डावी बाजू कात्रीने उडवली आणि भर मे महिन्यात हा गृहस्थ पंखा बंद करून घरात बसू लागला. शेजारीण काळजीने डोकावली तर म्हणाले, गार्डच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, याहून गरम असायचं.

दुखणं शून्य ते दहात किती, असं मी विचारायची. सरळ आकडा सांगतील तर ते नाना कसले! पहाटेची कळ वीस मिनिटं आधीच आली, दुपारची अजून मागच्या स्टेशनात उभी आहे, असा सगळा अहवाल झाला की मग आकडा. नसा शांत करणाऱ्या गोळ्या मी हळूहळू वाढवल्या, तरी भागेना तेव्हा नाइलाजाने अफूच्या जातीची जालीम गोळी सुरू केली. तिच्याबाबत माझे नियम कडक: डॉक्टर एक, मेडिकल एक, गोळ्या सातच दिवसांच्या, आणि रिकामी पाकिटं दाखवल्याशिवाय पुढच्या मिळणार नाहीत. लोक यावर कुरकुरतात. नाना खूश झाले. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून हजर, हातात केळीच्या वेफर्सची पुडी. पेशंटांना रांगेत बसवायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. माझी नर्स दोनदा नोकरी सोडायला निघाली होती.

आकडा मात्र सातच्या खाली उतरेना. मी डोस वाढवला. वीस वर्षांच्या अनुभवाचा केवढा तो तोरा! मग एका सोमवारी बाहेर आले तर नाना कूलरच्या अगदी तोंडाशी, शर्टाची बटणं उघडी टाकून मजेत गप्पा मारत बसलेले. आत बनियन होता. अख्खा, न कापलेला.

आत बोलावून दार लावलं आणि विचारलं. नाना कबूल झाले. कळ थांबल्याला तीन महिने झाले होते. जालीम गोळ्या त्यांनी कमी करत करत सोडूनही दिल्या होत्या. फक्त मला रिकामी पाकिटं दाखवता यावीत म्हणून उरलेल्या गोळ्या काढून बिस्किटांच्या डब्यात टाकत होते.

"बठ्ठं बरं शे, ताई, सगळं बरं आहे," ते खाली बघत म्हणाले. "पण तसं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाल्या असत्या, आता तीन महिन्यांनी या."

अगदी तेच म्हणाले असते मी, वर शाबासकी देऊन. त्यांची बायको, नानी, गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी दोन वर्षं मी फक्त बरगडीची चौकशी करत होते. मला माझी लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. एकटा माणूस, आणि घरात तो भरलेला डबा. त्या सगळ्या गोळ्या खाऊन टाकायचं कधी मनात आलं का, असं मी स्पष्टच विचारलं.

"एकदा," नाना म्हणाले. "रविवार होता. मग म्हटलं, उद्या तुमच्याकडे यायचंय."

त्याच दिवशी त्यांच्याबरोबर घरी जाऊन मी डबा ताब्यात घेतला. त्यांच्या सुरतच्या मुलीला फोन लावला; ती आता रोज संध्याकाळी बोलते. जळगावला मनाच्या डॉक्टरांकडेही त्यांना नेलं. सोमवार चालूच आहे. कागदावर औषध नसतं. नाना अर्धा तास बसतात, नर्सला छळतात आणि जातात. गेल्या सोमवारी मात्र साडेदहा झाले तरी पत्ता नाही. पेशंट तपासता तपासता मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले. पावणेअकराला ते फाटकातून शिरताना दिसले, माझे डोळे भरून आले, आणि सगळ्या पेशंटांसमोर मी त्यांच्यावर खूप रागावले.