एका दाढीचं टोकन

माझ्या मामाला घरात सगळे ‘पत्रेमामा’ म्हणतात. महायुद्धात सुटी नाणी बाजारातून गायब झाली, तेव्हा दुकानदारांनी पत्र्याची, पितळेची टोकनं पाडून सुट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकांच्या हातावर टेकवली. ती टोकनं मामा जमवतो. निवृत्त मीटर रीडर, त्यामुळे कुणाच्याही दारात उभं राहायची लाज नाही. मामी म्हणते, “लोक सोनं जमवतात, आमच्याकडे भंगार!”

जुन्या बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानांची टोकनं त्याला मिळाली होती, फक्त सलूनचं सोडून. त्यापायी केस पिकले. परवा ते एका भंगारवाल्याकडे सापडलं. वर कात्री ठोकलेली, खाली ‘एक दाढी’. पण खरं की बनावट? विचारायला मामा थेट सलूनमध्येच गेला. आता ते जुन्या मालकाचा नातू चालवतो.

त्याने टोकन उजेडात धरलं. “आजोबांचाच ठसा. कात्रीचं एक पातं आखूड आहे, बघा.”

मामाला आभाळ ठेंगणं झालं. त्या भरात तो गमतीने बोलून गेला, “मग चालतं का अजून?”

“आजोबांचा शब्द आहे, काका. न चालायला काय झालं? बसा!”

नको म्हणेपर्यंत तोंडाला फेस लागला. नातवाने टोकन गल्ल्यात टाकलं आणि वस्तरा गळ्याला लावला. अशा वेळी हरकत कोण घेणार?

“अहो, मग नंतर परत मागायचं,” घरी आल्यावर मामी म्हणाली.

“कुठल्या तोंडाने मागू? दाढी झाली ना माझी!”

त्याला जेवण गेलं नाही. टोकनांच्या डब्यातल्या मोकळ्या खाचेवरून बोट फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी खिशात नोटांचं पाकीट घालून निघाला. मला बरोबर घेतलं, म्हणजे बोलायचं मी.

आम्हाला बघताच नातवाने आरशाजवळ ओढलं. आजोबांच्या फोटोखाली टोकन लटकत होतं. खिळ्याने भोक पाडून तारेत ओवलेलं. भोक नेमकं कात्रीतून आरपार.

“घरात आजोबांच्या हातचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं, काका. आई सकाळी बघायला आली. रडली हो.”

मी तोंड उघडलं, तर मामाने माझा दंड दाबला.

“छान दिसतंय,” तो म्हणाला.

“आज काय करू? दाढी तर कालच झाली.”

मामाने गालावरून हात फिरवला आणि खुर्चीत टेकला. “काही नको. बसू दे जरा.”

नातू माझ्याकडे बघायला लागला. मी पाकीट असलेल्या खिशाकडे.