जिन्याचा गिलावा आणि जमादार

उजव्या हाताचं बोट वाकवायचं, भिंतीवर टकटक करायची आणि कान लावून ऐकायचं, ही जमादारांची सवय. ऐकून झालं की बोट धोतराला पुसत म्हणायचे, "पोकळ हाय." भिंतीबद्दल बोलताहेत की भिंतीपलीकडे राहणाऱ्याबद्दल, ते आपण ठरवायचं.

असा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. दुधाच्या मापात वाकून बघणारा, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्यालाही "आमची आठवण कशी काय झाली?" विचारणारा. आमचे जमादार मिलच्या गेटवर होते. पाळी सुटली की कामगारांच्या अंगावरून हात फिरवून झडती घ्यायची, कुणी कापडाचा तुकडा किंवा बॉबिन लपवून नेत नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावर डोक्यावरचा फेटा उतरायचा, नजर उतरायची नाही.

संप सुरू झाला तसे लालबागच्या आमच्या चाळीत पुरुष दिवसभर गॅलरीत दिसू लागले. जमादारही घरी बसले. त्यांच्याशी मात्र कुणी बोलेना. संपात पुढे असणाऱ्यांची नावं मालकाला कळवतात, अशी कुजबुज होती. खरं की खोटं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते नळावर आले की गप्पा थांबायच्या. तेही थांबायचे, एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघायचे आणि बादली उचलायचे.

संप मिटला असं कुणी सांगितलं नाही; लांबत लांबत तो विरून गेला. पुढे एकदा जिन्यातला भलामोठा पोपडा निखळला आणि खालून जाणारी एक म्हातारी थोडक्यात वाचली. वर्गणी काढून गिलावा करायचं ठरलं. सिमेंट तेव्हा सहजी मिळत नसे. चाळीच्या सेक्रेटरींनी खटपट करून पोती मिळवली, जिन्याखाली रचली आणि दत्ताराम नावाचा गवंडी ठरवला. हा आधी मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. संपात मेहुण्याच्या हाताखाली प्लास्टर शिकला.

पहिल्याच दिवशी जिन्यात जमादार दिसले आणि दत्ताराम पायरीवरच थबकला.

"हे इथं राहतात?"

"ओळखता का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेच ओळखतात मला. माझा एकूणएक खिसा पाठ आहे त्यांना."

जमादारांनी घरातून स्टूल आणलं आणि जिन्याच्या वळणावर ठाण मांडलं. माझं दार तिथंच. मी शिवणकाम करायचे. मशीनवर बसल्या बसल्या सगळं दिसायचं. वाळू आली तशी त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली.

"खारट हाय. खाडीची वाळू."

"आधी मिशीचा घाम पुसा," दत्ताराम म्हणाला. "त्याची चव असेल."

मला हसू आवरेना. जमादारांनी गंभीरपणे मिशी पुसली आणि दुसरी चिमूट चाखली. मग वाळूकडे पाठ करून स्टुलावर बसले.

काम अर्ध्यावर आलं आणि एका सकाळी सिमेंटचं एक पोतं गायब झालं. सगळी चाळ जिन्यात गोळा झाली. कुणी नाव घेतलं नाही, पण नजरा दत्तारामकडे वळल्या. माझीही वळली.

"दुसरं कोण असणार?" सेक्रेटरी म्हणाले. "जमादार, हे तुमचं काम. घ्या याची झडती."

दत्तारामनं हातातली थापी खाली ठेवली. भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला, पाय फाकवले आणि दोन्ही हात वर केले. असं उभं राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

जमादार स्टुलावरून उठले. त्याच्या मागे जाऊन क्षणभर उभे राहिले.

"हात खाली घे," ते म्हणाले. मग सेक्रेटरींकडे वळले. "सिमिटाचं पोतं मानसाच्या खिशात मावतं व्हय? झडती घ्यायचीच तर घरांची घिऊ. पयलं माझं घर बघा."

आणि खरंच स्वतःच्या खोलीचं दार सताड उघडून त्यांनी कॉटखालचं सामान बाहेर ओढलं. त्यानंतर कुणाला नाही म्हणता येईना. माझ्या मशीनखालीसुद्धा ते वाकून बघून गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे मागे. सेक्रेटरींच्या दाराशी आलो तेव्हा त्यांच्या बायकोनं पदर सावरला.

"आमच्याकडे पाहुणे आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"पाव्हन्यांस्नी काय करतूय मी?"

आत पाहुणे नव्हते. मोरीच्या भिंतीला ताजा गिलावा होता आणि त्यावर ओलं गोणपाट टांगलेलं. जमादारांनी गोणपाटाचं टोक उचललं, पाहिलं, परत नीट सोडलं.

"पानी मारत ऱ्हावा," एवढंच म्हणाले. "न्हाईतर तडकंल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. संध्याकाळी उरलेलं अर्धं पोतं जिन्याखाली आलं. कुणी आणलं, हे कुणी विचारलं नाही.

गिलावा पुरा झाला. भिंत आठवडाभर ओली ठेवा, खिळा ठोकू नका, रंगाची घाई करू नका, असं दत्ताराम बजावून गेला. नळाला पाणी मोजकं. भिंतीला कोण देणार? कुणी दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी उपसेल म्हणून सगळे एकमेकांवर डोळा ठेवून होते. जमादार आपल्याच पिंपातून तांब्या भरभरून सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारू लागले. दोन दिवसांनी दत्ताराम न सांगता टपकला आणि भिंतीला हात लावून बघू लागला.

"इसवास न्हाई व्हय माझ्यावर?"

"तुमच्याकडूनच शिकलो."

जमादार मिशीत हसल्यासारखे वाटले. दत्ताराम जायला निघाला आणि पायरीवर थांबला.

"त्या दिवशी माझी झडती का घेतली नाहीत?"

"गेटवर त्येचा पगार मिळायचा," जमादार म्हणाले आणि तांब्या भरायला आत गेले.

त्यानंतर दत्ताराम कुठंही कामाला जाताना आमच्या जिन्यात डोकावायचा. दोघे वळणावर बसून चहा प्यायचे.

मिलनं जमादारांना परत घेतलं नाही. बायको आधीच गेली होती. एके दिवशी खोली पुतण्याच्या हवाली करून ते साताऱ्याकडच्या गावी निघाले. परळच्या डेपोवर पोचवायला आम्ही दोघंच, दत्ताराम आणि मी. ट्रंक गाडीच्या टपावर चढवायची होती. हमालाच्या हाती द्यायला जमादार तयार होईनात. शेवटी दत्तारामच ट्रंक खांद्यावर घेऊन शिडीनं वर गेला. जमादार गाडीत चढले, पण बसेनात. खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायची धडपड चालू होती.

"घट्ट बांधलीय," दत्ताराम टपावरून ओरडला. "बसा आता."

जमादारांनी मान आत घेतली आणि बसले. गाडी डेपोबाहेर पडेपर्यंत त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.