गौहर शेखची सात गाणी

राहुरीच्या गौहर शेखचा पहिला अल्बम आला, तेव्हा ही बाई गिटार वाजवते हेच गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आणि याच लोकांच्या हळदींत, जत्रांत ती वर्षानुवर्षं वाजवत आली होती.

तिचे अब्बा एसटी स्टँडमागं टेपरेकॉर्डर आणि वाद्यं दुरुस्त करायचे. दुरुस्तीला आलेली गिटार परत जाईपर्यंत गौहरच्या मांडीवर असायची. शाळेत असताना एकदा कृषी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचा टेप आला, आत कॅसेट अडकलेली. ती सोडवून लावली, तर एक म्हातारा भरड्या आवाजात गात होता आणि त्याची गिटार त्याला उलट उत्तरं देत होती. शब्द एकही कळेना. पण एक सूर तो सरळ लावायचाच नाही. तार ओढून मधेच कुठंतरी ताणून धरायचा. गौहरच्या अंगावर काटा आला.

टेप न्यायला आलेला विद्यार्थी म्हणाला, "याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेत कापसाच्या रानात राबवलेल्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून आलंय हे."

"म्हंजी रडगानं?" अब्बांनी विचारलं.

"न्हाई अब्बा," गौहर म्हणाली, "ह्यो रडत न्हाई. भांडतोय."

विद्यार्थ्यानं ती कॅसेट तिलाच देऊन टाकली. टेप घासून जाईपर्यंत तिनं ती वाजवली.

लग्न झालं ते फैयाजशी. त्याचा टेम्पो काकासाहेबांच्या ऑर्केस्ट्राचे स्पीकर वाहायचा. त्यांचा गिटारवाला सोडून गेला, तेव्हा फैयाजनं बायकोचं नाव सुचवलं. काकासाहेबांनी ऐकलं आणि जागेवर होकार दिला. फक्त एक अट घातली. "बाई गिटार घेऊन हुबी राहिली की लोक गानं सोडून दात काढतील. तू मागं बस."

स्टेजवर काळं कापड टांगलं गेलं. मागं गौहर वाजवायची आणि पुढं पार्थ नावाचा गॉगल लावलेला पोरगेला माणूस वायर न जोडलेली गिटार हलवायचा. टाळ्या त्याला, शिट्ट्याही त्यालाच. सुरुवातीला गौहरला ते बरंच वाटलं. कुणी टक लावून बघत नाही, आपण आपलं वाजवावं. पुढं पुढं मात्र प्रत्येक टाळी तिला टोचू लागली.

काष्टीच्या जत्रेत पाहुण्यांनी पार्थला हार घातला आणि माइकवर विचारलं, "कुठं शिकलात एवढं?"

काकासाहेब पुढं झाले. "आमचा पार्थ जन्मजात कलाकार हाय!"

मागं गौहर उठली. तिनं कापड बाजूला ओढलं आणि लांबलचक वायर फरफटत, गिटार गळ्यात तशीच, ती पार्थशेजारी येऊन उभी राहिली.

"आता ह्याला वाजवाया सांगा," ती म्हणाली.

पार्थनं गॉगल काढला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो माइककडं वळला. "मला येत न्हाई. इतके दिस हीच वाजवतीया."

हार काढून त्यानं तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

"उद्यापासून येऊ नगंस," सामान भरताना काकासाहेब म्हणाले.

"येनारच नव्हते."

टेम्पोत फैयाजनं एवढंच विचारलं, "आता काय वाजवनार?"

"माझं."

ऑर्केस्ट्रावाल्यांत बातमी फिरली आणि तिला बोलावणं येईना. तिनं घरीच गाणी बांधली. शुगर फॅक्टरीच्या भोंग्यावर एक, पाटाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या जावांवर एक, कापडामागं बसणाऱ्या बाईवर एक. अशी सात झाली. भाषा घरातली, आवाज मशेरी लावणाऱ्या बाईसारखा जाडाभरडा.

नगरला सुनीलचा छोटा स्टुडिओ होता. तिथं भक्तिगीतं आणि रिक्षावरच्या जाहिराती रेकॉर्ड व्हायच्या. पहिलं गाणं झालं आणि सुनीलनं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. "ताई, हा सूर खाली पडलाय. एका क्लिकवर सरळ करतो."

"करू नगा."

"लोक बेसूर म्हणतील."

"म्हनू द्या. मी तो वाकडाच लावलाय. सरळ करायचा आसंल तर माझं नाव काढा आन् तुमचं घाला."

सुनीलनं हात मागं घेतला. गाणं पुन्हा लावून डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "पुढचं घेऊ."

अल्बमचं नाव तिनं ठेवलं 'वाजवनारी मी'. "निदान 'वाजवणारी' तरी करा," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तिनं 'न' हलवू दिला नाही. मोबाईलवर कुणी लिहिलं, "बेसूर बाई." कुणी लिहिलं, "हे आपलं संगीत नव्हे." त्याला तिनं उत्तर दिलं, "माझं हाय."

मागच्या हिवाळ्यात राजूरच्या जत्रेत तिला एकटीला बोलावणं आलं. दुसऱ्याच गाण्याला पोरं ओरडली, "ओ मावशी, नाचायचं वाजवा!"

"ह्याच्यावर नाचता आलं तर नाचा," गौहर माइकवर म्हणाली. "न्हाईतर पाळन्यात बसा जावा."

बरेच जण खरंच पाळण्याकडं गेले. तिनं मान वर करून त्यांना जाताना पाहिलं, आवाजाचं बटण आणखी वर नेलं आणि पाळण्यापर्यंत ऐकू जाईल असं तिसरं गाणं सुरू केलं.