मोकळ्या बांबूंमधला गोल
फुटबॉलच्या चामड्याला चोळलेल्या चरबीचा वास आला, की संस्थानात महाराजांच्या कारकिर्दीतला तो प्लेगचा हंगाम आठवतो. सगळं गाव माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलेलं, आणि शेवटच्या सामन्याला मैदानावर फक्त मी आणि पंच. समोरच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर माझा शेजारी. हंगामभर त्यानं माझा एकही फटका आत जाऊ दिला नव्हता. पंच म्हणाले, "त्यांचं कोण बी आलं न्हाय. नियम हाय, एक गोल मार, जिंकलास." मी गोलच्या दोन बांबूंमधून चेंडू मारला. तो वाळल्या गवतातून लांबवर घरंगळत गेला, आणि आणायला मलाच जावं लागलं. शेजारी कळंब्याच्या माळावरच्या झोपडीतून परतलाच नाही. आता नातू विचारतो, "आज्जा, तुमी कवा गोल मारलासा का?" मी म्हणतो, "न्हाय."