आवाज साफ येतो

माझ्या फोनमध्ये अँड्रॉइडऐवजी लिनक्स होतं याचा मला कोण अभिमान होता. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मी संगणक सांभाळतो, त्यामुळे कुठलं यंत्र आपल्यामागे काय उद्योग करतं ते मला रोज दिसतं. आपला फोन फक्त आपलंच ऐकणारा हवा, यावर जेवणाच्या सुट्टीत मी लोकांचं डोकं खात असे. बायकोने त्याचं नाव ‘सोवळ्यातला फोन’ ठेवलं होतं.

सोवळं पाळणं सोपं नव्हतं. सगळे नातेवाईक ज्या अ‍ॅपवर बोलतात ते त्याच्यावर थेट चालत नसे. अँड्रॉइडचा एक वेगळा कप्पा फोनमध्ये बसवायचा आणि त्या कप्प्यात ते चालवायचं. फोन झोपला की कप्पाही झोपे आणि मेसेज तासाभराने ढिगाने येत. व्हिडिओ कॉल मी एका मित्राला लावून तपासला. त्याला माझा चेहरा अडकत अडकत दिसत होता, हात हलवला की नुसता हिरवट पट्टा. पण आवाज साफ येत होता. मी म्हटलं, चालतंय की. ताईशी मी संध्याकाळी बायकोच्या फोनवरून बोलायचो, म्हणून पुढे काही अडलंही नाही.

ताई माझी मोठी बहीण, अकोल्यात असते. जन्मापासून बहिरी, शाळेत कधी घातलीच नाही. आई, ताई आणि मी, आम्ही तिघांनी घरातल्या घरात हातांची एक भाषा केली होती. संत्रं म्हणजे अंगठ्याने साल काढणं. मी म्हणजे डाव्या भुवईवरून फिरवलेलं बोट, कारण ताईने मला झोक्यावरून पाडलं त्याचा व्रण तिथे आहे. पोटावर आडवी रेघ म्हणजे ऑपरेशन. ही खूण आईच्या वेळी झाली. आई त्या ऑपरेशनमधून परत आली नाही, आणि ताईच्या लेखी ती रेघ म्हणजे आईचं जाणंच होऊन बसलं. भाऊजींना जेवण, बाजार, पाहुणे एवढ्या खुणा येतात. त्यापलीकडचं मी सांगायचं, हे तिच्या लग्नापासून ठरलेलं.

मागच्या वर्षी ताईची गर्भपिशवी काढायची ठरली. शुक्रवारचं ऑपरेशन. मी गुरुवारी संध्याकाळी अकोल्याला जाऊन तिच्यासमोर बसणार होतो आणि सगळं नीट समजावणार होतो. एक दिवस आधी जाता आलं असतं, पण रजा वाचवली. गुरुवारी सकाळीच तिचा रक्तस्राव वाढला आणि डॉक्टरांनी लगेच आत घ्यायचं ठरवलं. भाऊजींनी मला सात व्हिडिओ कॉल लावले. साधा फोन लावायचं त्यांना सुचलं नाही, ताई जवळ असली की आमच्याकडे कॉल म्हणजे व्हिडिओच. माझा फोन कारखान्यात टेबलावर झोपला होता. साडेदहाला सहज हातात घेतला तेव्हा सातही कॉल एकदम दिसले.

मी उलट कॉल लावला. मला ताई अगदी स्वच्छ दिसली. बांगड्या काढलेल्या, गळा रिकामा. तिने पोटावर आडवी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी फोन टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी सांगत सुटलो. झोप लागेल, उठशील, घरी जाशील, संध्याकाळी मी तिथे आहे. ताई पडद्याच्या अगदी जवळ आली, डोळे बारीक केले आणि नाही म्हणून मान हलवली. मग भुवईवरून बोट फिरवलं. ती मला शोधत होती. मला तिकडच्या वॉर्डातल्या चपलांचा आवाजही येत होता.

“तिले काई दिसूनच नाही राहिलं,” भाऊजी म्हणाले. “आवाज साफ येऊन राहिला तुहा. पन तिले आवाजाचं काय करायचं?”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा फोन मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. घाईत भाऊजींचा नंबर एकदा चुकला. कॉल लागला तेव्हा भाऊजी एकटेच ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभे होते, हातात घरच्या कपाटाची किल्ली. जाताना ताईने ती त्यांच्या मुठीत दाबली होती. पोटावर रेघ ओढून स्वतःच्या छातीवर बोटही ठेवलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

“किल्ली कावून देल्ली असन मले?” त्यांनी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा मी समोर होतो. सगळं ठीक झालं ना, मग कशाला मनाला लावून घेतोस, असं घरचे म्हणतात. ठीक झालं हे खरं. पण माझी बहीण आपण मरायला चाललोय असं समजून एकटी त्या दारातून आत गेली. मी दोन मिनिटं तिला धड दिसलो असतो तर तसं झालं नसतं. फोनला बोल लावण्यात अर्थ नाही. मीच तो ऐकू येणाऱ्या माणसाबरोबर तपासला होता. याचा मला अजून संताप येतो आणि त्याहून जास्त लाज वाटते.

आता माझ्याकडे चारचौघांसारखा फोन आहे. ताई माझ्यावर रागावली नाही, कॉलही रोज करते. फक्त कॉल लागला की ती आधी पंजा वर करते. मीही माझा पंजा वर करून बोटं हलवायची. ती एकेक बोट मोजते, पाचही दिसली की मगच बोलायला लागते. तोवर ती माझ्या तोंडाकडे बघत नाही.