निर्दोष खुर्ची

कुणाविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेचे पेपर किंवा गावाकडची पत्रं, एवढंच मला ठाऊक. तेव्हा चुकलं तर माफ करावं. पण सोलापुरात शिकताना मी ज्यांच्या घरी माडीवरची खोली घेऊन राहत होतो, त्या इंजिनिअरसाहेबांइतका मोजूनमापून जगणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मात्र मी खात्रीनं सांगू शकतो.

साहेब दिवसभर गिरणीतली यंत्रं सांभाळायचे आणि घरी आले की आम्हाला. गिरणीचा भोंगा झाला की बाकीचं सोलापूर आपली घड्याळं लावायचं. साहेब घड्याळात बघून भोंगा किती सेकंद चुकला ते वहीत टिपायचे. भाकरीची जाडीसुद्धा ते कॅलिपर लावून बघायचे. "कडेला जाड आहे, मधे पातळ," असं एकदा म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, चुलीपुढून म्हणाल्या, "अय्यो, मग खाऊ नका. नुसती मोजत बसा." काकू अक्कलकोटच्या. फारच रागावल्या की मराठी सोडून कानडीत शिरायच्या, आणि मग साहेब गुपचूप जेवायचे. एकदा काकूंनी मला भातात दोन बोटं पाणी घालायला सांगितलं, तर साहेब बाहेरून ओरडले, "बोटं कुणाची? तुझी की त्याची?"

अंगणात त्यांनी गिरणीतल्या जुन्या कप्प्या बसवून कपड्यांची दोरी थेट छपरापर्यंत चढवली होती. हिशेब चोख होता, फक्त चादरींचं वजन कोरड्या असताना धरलेलं. पहिल्याच दिवशी चार ओल्या चादरी खाली उभ्या असलेल्या पोस्टमनवर कोसळल्या. साहेब धावत गेले आणि चादरींखालच्या त्या माणसाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी डावी बाजू सुटली की उजवी?" आतून "डावी" असं उत्तर आलं. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी पोस्टमनला चहा पाजूनच सोडलं. दोष सांगणारा माणूस त्यांना सख्ख्या भावासारखा वाटायचा.

आणि तेवढंच मला जमत नव्हतं. गावाहून निघताना वडिलांनी बजावलं होतं, "मोट्या मानसाच्या कामात खोड काडायची न्हाय. कळलं का?"

दुसऱ्या वर्षी साहेबांनी मोडीत निघालेल्या मागाच्या लाकडातून माझ्यासाठी अभ्यासाची खुर्ची केली. पाठ ताठ राहावी म्हणून मागे एक आडवी पट्टी. ती नेमकी मणक्यात रुतायची. पाव तासात डोळ्यांना पाणी यायचं.

"बोल, दोष काय?"

"काय न्हाय साहेब. लई झ्याक हाय की."

"नीट टेकून बस आणि परत सांग. कौतुकानं वस्तू सुधारत नसते."

"खरंच काय न्हाय."

तीनदा विचारलं, तीनदा मी तेच सांगितलं. साहेबांनी वहीत 'दोष : नाही' असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. पुढं दोन वर्षं मी जमिनीवर बसून अभ्यास केला. जिन्यात त्यांची पावलं वाजली, की उडी मारून खुर्चीत.

मला कुर्डुवाडीला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली. निघताना साहेब म्हणाले, "खुर्ची घेऊन जा." मी म्हटलं, तिथली खोली लहान आहे. "बरं, मग मीच वापरतो," असं म्हणत त्यांनी ती स्वतः खाली उतरवली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नंतर पोस्टकार्डं लिहिली, त्यांत तब्येत विचारली, दोरीचं काय झालं ते विचारलं. खुर्चीपाशी आलं की पेन अडायचं. दिवाळीत जाऊन समोरच सांगू, असं ठरवलं. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. गाडीनं जायचं म्हणजे काही तासांचं तर अंतर.

मागच्या महिन्यात काकूंचं पत्र आलं. साहेब गेले. 'फार त्रास झाला नाही,' काकूंनी लिहिलं होतं. 'पाठ तेवढी शेवटपर्यंत दुखायची. ती खुर्ची टाका म्हटलं, की वही काढून तुझी सही दाखवायचे. म्हणायचे, खुर्ची तपासलेली आहे. दोष माझ्या पाठीत आहे.'

कचेरीत, सगळ्यांसमोर, ते पत्र हातात धरून मी मोठ्यानं म्हणालो, "साहेब, पट्टी दोन बोटं वर हाय. माजी बोटं."