उभ्या जीपचं माप

शिरड शहापूरच्या तातेरावला गाडीतलं काही कळत न्हाई, हे त्याच्याशिवाय सगळ्या गावाला ठाऊक हाय. बैल मात्र कळतेत, असं तो सोताच सांगतो. एकेकाळी ते खरंबी होतं. पण बैल इकून वीस वर्षं झाली, तेवढं कळणं त्याच्याजवळ शिल्लक राहिलं. आता ते तो जीपवर वापरतो.

जीप त्यानं हळद चांगली निघाली त्या साली घेतली आन् लगेच उचलून घेतली. उचलून म्हणजे कमान्या बदलून, ठोकळे घालून, तिचं आंग चाकांपासून चार बोटं वर चढवलं आन् खाली रानगव्यासारखी टायरं लावली. काहून? वरून माणसं बारीक दिसतेत म्हणून. बायको मनकर्णा जीपमधी चढायला स्टूल घेते. आमच्या शिवारात डोंगर न्हाई. ओलांडायला एक वगळ हाय, म्हणजे बारका ओढा, तीबी आठ महिने कोरडी.

अशा उचललेल्या जीपचे जुने शॉकप आखूड पडले. शॉकप म्हणजे चाकाचा धक्का गिळणारं नळकांडं. ते वढून वढून गळायला लागले, नवे घेणं भाग आलं. आन् नेमकी त्याच टायमाला रुद्रची सोयरीक येऊन राहिली होती.

रुद्र त्याचा एकुलता पोरगा, वय एकतीस. वावरात राबणाऱ्याला आजकाल पोरगी कोण देतंय? चार ठिकाणं हातची गेली होती. पाचवी पुसेगावच्या नरसिंगरावची साधना. घर पाहून झालं होतं, आता वावर पाहायला येणार होते. वावर पाहिल्याबिगर आमच्याकडं पुढचं बोलणं होत न्हाई. तातेरावनं जाहीर केलं, पाव्हणे जीपमधूनच जातील.

तांड्यावरचा रूपसिंग बंजारा गाडीकामात पक्का. त्यानं जीप जॅकवर चढवली, चाक मोकळं लोंबू दिलं आन् वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत टेप धरला.

"दादा, चाक लोंबलं की शॉकप एवढा उघडला पाहिजे, वर दोन बोटं शिल्लक. न्हाई तर चाक खड्ड्यात उतरंल आन् शॉकप त्याला धरून ठेवील. तुटंल मंग."

तातेरावनं पाठीमागं हात बांधले. "रूपसिंग, बैल काय टांगून मापतेत का रे?"

"बैल वगळीत उतरताना गुडघा वाकवतो, दादा. हिचा गुडघा ह्योच हाय."

"तुजे आजे-पंजे बैलांवर मीठ वाहायचे, आन् तू मला जॅक दाखवून राहिला?"

"म्हणूनच दाखवून राहिलो. आन् लई कडक घेऊ नका. तुमची जीप रिकामीच फिरते."

रूपसिंगनं माप कागदावर लिहिलं आन् रुद्रच्या हातात दिलं. तातेरावनं जीप खाली उतरवली, उभ्या जीपला वीत लावली, अडीच भरली. झालं माप.

नांदेडच्या दुकानात त्यानं एकेक शॉकप फरशीवर उभा केला आन् तळहातानं दाबला. बाजारात बैलाच्या पाठीवर हात टाकतेत, जो लचकतो तो सोडतेत, तसं. जो दबला तो नापास. शेवटी एक जाडजूड लाल शॉकप त्याचं सगळं वजन पडूनबी हालंना. तातेराव खूश झाला.

"भैया, ये माल ढोनेवाली गाडी का है," दुकानदार म्हणाला, "और आपकी गाडी में छोटा पडेगा."

"तुम दो," तातेराव म्हणाला. मग पोराकडं वळला. "कसा हाय रे?"

रुद्रच्या खिशात कागद होता. "चांगला हाय, बापू."

रूपसिंगनं ते बसवायला हात लावला न्हाई. म्हणून ते रुद्रनंच बसवले.

नरसिंगराव आला, संगं त्याची थोरली बहीण रुख्मिणीबाई. साधनाला ह्या आत्यानंच वाढवलेलं, तिच्या शब्दापुढं नरसिंगराव जात न्हाई. तातेराव चालवायला, रुद्र संगं, जीप निघाली. खड्यावर चाक गेलं की चौघंबी उडत होते.

"ह्याच्यात माणसं वाहतेत का गोटे?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"मजबुती हाय ती, अक्का!" तातेराव मान न वळवता म्हणाला.

वगळीत पुढचं डावं चाक खाली उतरलं. जिथं उतरायचं तिथवर ते पोचलंच न्हाई, मधीच शॉकपनं धरलं. टण्णकन आवाज झाला, शॉकपची वरची कडी तुटली, जीप कुशीवर कलली. रुख्मिणीबाई शिटावरून घसरून खाली ठेवलेल्या जादा टायरावर बसली. चष्म्याची एक काच निघाली.

सगळे उतरले. "माल खोटा निघाला," तातेराव म्हणाला. "नांदेडवाल्यानं फसवलं."

रुद्र खाली वाकून पाहून आला. रुख्मिणीबाईनं त्याला एका काचेतून पाहिलं.

"काय झालं रे?"

"शॉकप आखूड पडला, आत्या."

"हे तुला आत्ता कळलं?"

"न्हाई. अगोदर कळत होतं. मापाचा कागद होता माझ्याजवळ."

"मंग काहून बोलला न्हाई?"

"बापू घेऊन राहिले होते."

तिनं लुगडं झटकलं. मग म्हणाली, "वावर किती दूर हाय?"

"ह्या चढापलीकडं."

"मंग चल. तू दाखीव. पायी जाऊ."

रुद्रनं एक पाऊल टाकलं.

"पायी?" तातेराव वरडला. "माझे पाव्हणे पायी? रुद्र, थांब! ट्रॅक्टर बोलवतो!"

रुद्र थांबला. टाकलेलं पाऊल त्यानं मागं घेतलं आन् बापाकडं पाहत उभा राहिला. रुख्मिणीबाईनं वाट पाहिली, बरीच पाहिली. मग काच कमरेला खोवली.

"नरसिंग, पोरगं वाईट न्हाई," ती म्हणाली. "पर ह्याला चालायलाबी बापाचा हुकूम लागतो. आपली साधना ह्या घरात कोणाशी बोलंल?"

दोघं सडकेकडं वळले. तातेराव एक कान झाकून फोनवर बोलत होता. "अक्का, दोन मिनिटात येऊन राहिला!" तो वळून म्हणाला, तवर वगळीत फक्त रुद्र उरला होता.

"कुठं गेले?"

रुद्रनं सडकेकडं बोट केलं.